कोऱ्या नावाचे अर्ज

इंग्रजीतले चार शब्द मला अजून निवांतपणे वाचता येत नाहीत. ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस. बँकेच्या नोटिशीत ते असतात, रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या फलकावर असतात, लेकीच्या कॉलेजातून मोबाइलवर येणाऱ्या निरोपात असतात. मराठीत आपण ‘अपरिहार्य कारणास्तव’ म्हणतो आणि पुढे जातो. मी मोहगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. अर्जलेखनाचा धडा आला की मुलं हे चार शब्द हमखास लिहितात, कारण गाइडात तेच असतं, आणि मी त्यांवर लाल रेघ मारते. ‘मॅडम, चूक काय आहे यात?’ असं एखादी धीट मुलगी विचारते. चूक काहीच नाही. ‘कारण लिही,’ एवढंच मी सांगते. मुलींना वाटतं मॅडम खडूस आहेत. वाटू दे.

आम्ही नागपूरच्या उत्तरेला, राज्याच्या सीमेपलीकडे सौंसरला राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणात एक कडुलिंब. बाबा बोरगावकडच्या एका कारखान्यात मशीनवर होते. तिथे जाणारी बस चौकात येऊन दोनदा हॉर्न द्यायची. पहिल्या हॉर्नला बाबा चपला शोधत असायचे आणि दुसऱ्याला ताई डबा घेऊन दारात उभी असायची. आमच्या घरातला दिवस त्या हॉर्नवर चालायचा. मायच्या दोन्ही हातांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. पेला धरायचा तर ती दोन तळव्यांत धरायची. त्यामुळे आठवी झाल्यावर ताईनं शाळा सोडली आणि चूल धरली. मंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या हाताला चव होती, हे मी आजही नाकारत नाही. तिची पाटवडी रश्श्यात फुटायची नाही आणि अंबाडीच्या भाजीत ती कण्या टाकायची त्या कधी चिकट व्हायच्या नाहीत. दुपारी माय झोपली की ती अंगणात बसून उशांचे अभ्रे भरायची. त्यावर इंग्रजीत ‘गुड नाइट’ लिहिलेलं असायचं, आणि प्रत्येक अक्षराच्या शेवटी ती हिरव्या दोऱ्यानं एक पान काढायची. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. अक्षरं तेवढी सुईनं पाठ झाली होती.

माझ्याकडे घरातलं काम जवळजवळ नव्हतं. ‘ते शिकून राहिली,’ असं ताई शेजारच्या बायांना सांगायची आणि माझ्या हातातला झाडू काढून घ्यायची. मी तो सुखाने देऊन टाकायचे. तिला कधी कंटाळा येत असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. सतरा वर्षांच्या मुलीला फार थोडं दिसतं, आणि जे दिसतं त्यात ती स्वतःच असते.

माझं काम होतं अर्ज लिहायचं. कारखान्याचा मॅनेजर दक्षिणेकडचा होता. त्याला हिंदी बोलता यायची, पण वाचायची म्हटली की तो वैतागायचा, म्हणून रजेचा अर्ज इंग्रजीत पाहिजे असा तिथला रिवाज होता. बाबांनी पहिला अर्ज माझ्याकडून लिहून घेतला तेव्हा मी दहावीत होते. मायला नागपूरच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. मी जे होतं ते लिहिलं, बायको आजारी आहे, दवाखान्यात न्यायचं आहे. बाबा संध्याकाळी अर्ज परत घेऊन आले.

‘काय म्हणे साहेब?’ मायनं विचारलं.

‘म्हणे, गेल्या महिन्यात बी बायकोच बिमार होती. किती डाव बिमार पडते?’

माय म्हणाली, ‘मंग सांगाचं ना, साहेब, मोजून बिमार पडत जाईन म्हणा.’

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत, मी गाइडातला नमुना उतरवून आणला. त्यात ते चार शब्द होते. मला त्यांचा अर्थ शब्दकोशात बघावा लागला. टाळता न येणाऱ्या परिस्थितीमुळे. मी तो अर्ज बाबांना दिला आणि रजा मंजूर झाली. मॅनेजरनं एक अक्षर विचारलं नाही, सही केली. बाबांना ते जादूटोण्यासारखं वाटलं. मला पुढे कळलं की जादू अगदी साधी आहे. हे शब्द वाचणाऱ्याला असं वाटायला लावतात की कारण सांगून झालेलं आहे, आता पुन्हा विचारणं बरं दिसणार नाही. म्हैस व्याली असं लिहिलं तर माणूस विचारतो, तुझ्या घरी दुसरं कोणी नाही का? परिस्थिती असं लिहिलं की तो गप्प बसतो.

बातमी आठवड्याभरात पसरली. बाबांच्या पाळीतली माणसं घरी यायला लागली. तो शब्द कुणाच्या जिभेवर मावत नव्हता, म्हणून त्यांनी त्याचं ‘सरकम’ करून टाकलं. सायकल कडुलिंबाला टेकवून एखादा काका हाक मारायचा, ‘छाया बाई, एक सरकम देजो वं, उद्या पऱ्हाटीले पानी देनं हाये.’ येताना कुणी संत्री आणायचं, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी वाडीतल्या वांग्यांची पिशवी. ताई वांगी घ्यायची, मी अर्ज द्यायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जांब नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. अर्ध्या कारखान्याचं सासर नाहीतर आजोळ या दोन गावांत. एका वर्षी पोळ्याच्या आधी माझ्याकडून सव्वीस माणसं अर्ज घेऊन गेली आणि सव्वीस जणांवर एकाच तारखेला टाळता न येणारी परिस्थिती कोसळली. त्यातले दोघं तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून कामावर हजर झाले. मॅनेजरनं बाबांना विचारलं म्हणे, ‘ये क्या सरकमस्टान्स है, जो सिर पे गिरता है?’ बाबा हे सांगताना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या वर्षापासून मी पोळ्याच्या आधी गठ्ठाच लिहून ठेवायला लागले. आदरणीय महोदय, टाळता न येणाऱ्या परिस्थितीमुळे मी अमुक तारखेपासून हजर होऊ शकत नाही, कृपया क्षमा असावी, आपला विश्वासू. इंग्रजीत अडीच ओळी. नावाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. माणूस आला की नाव घालायचं आणि द्यायचं. उरलेले अर्ज कोनाड्यात कंदिलाखाली दाबून ठेवलेले असायचे. बी पेरायच्या आधी वाफे करून ठेवावेत तशी माझी तयारी, आणि मला तिचा अभिमान होता. मुलींनो, दुसऱ्याला नाव घालता येईल असा कागद आपल्या अक्षरात लिहून ठेवू नका. हे मी वर्गात सांगत नाही, कारण ते अभ्यासक्रमात नाही.

बारावी झाली आणि मी नागपूरच्या एका नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला. तीन वर्षं आणि वर काही महिने, राहायला वसतिगृह, शेवटी हातात नोकरी. मुलाखतीला बाबाच घेऊन गेले. निवडीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते पोस्टमनसमोरच ताईच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘हे जपून ठेव मंदे, ह्या घरात असं पत्र पयल्यांदा आलं.’ ताईनं ते पेटीत साड्यांच्या मध्ये ठेवलं. मायनं गोड म्हणून पुरणाच्या पोळ्यांचा हट्ट धरला आणि स्वतः पाटावर बसून ताईला पुरण कसं वाटायचं ते सांगत राहिली, जणू ताई पहिल्यांदाच करते आहे. त्याच दिवसांत ताईचंही जमलं होतं. पांढुर्ण्याचं घर, संत्र्यांसाठी लाकडी खोकी बनवायचा धंदा, मुलगा बोलायला बरा. दिवाळीनंतर बार उडवून टाकू असं त्यांचं म्हणणं होतं. एका घरात दोन शुभ गोष्टी, असं सगळे म्हणत होते.

जायच्या आधी ताईनं माझ्यासाठी एक अभ्रा भरायला घेतला. ‘होस्टेलात सगळ्याइचे सारखेच राह्यतीन, तुया ओळखू आला पायजे,’ असं म्हणून तिनं माझ्याकडून माझं नाव इंग्रजीत कागदावर काढून घेतलं आणि निळ्या दोऱ्यानं भरलं. प्रत्येक अक्षराला पान. आठ दिवस ती ते काम करत होती. मी शेजारी बसून तिला नर्सांचे कपडे कसे पांढरेशुभ्र असतात ते सांगायचे आणि ती ‘हो का वं?’ म्हणून ऐकायची. सुई थांबत नव्हती.

नवरात्राच्या आधी हजर व्हायचं होतं. बाबांनी रजा घेतली, अर्थात माझ्याच अर्जावर. पत्र्याची पेटी, त्यात अभ्रा, मायनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, दोन नवे पोशाख. बसमध्ये बाबा पेटी मांडीवर घेऊन बसले, खाली ठेवा म्हटलं तरी ऐकेनात. नागपूरला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. ऑफिसात एक जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं, यादीवर बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘तू तर येणार नव्हतीस ना?’

मी म्हटलं, ‘कोण? मी आलेय मॅडम.’

‘मग हे पाठवलंस कशाला?’ असं म्हणत त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

अडीच ओळी. माझं अक्षर. आदरणीय महोदय. ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस. बाईंनी शेजारी माझा प्रवेशाचा अर्ज ठेवला आणि दोन्हीवर पेन्सिल टेकवली. ‘हे तुझंच अक्षर ना?’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अक्षर माझंच होतं. पण नावाची जागा दुसऱ्या पेनानं भरलेली होती. माझं नाव तिथे माझ्या सराईत अक्षरात नव्हतं, हळूहळू काढलेलं होतं, एकेक अक्षर सुटं, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळून तिथे एक पान फुटलं होतं. सवयीनं काढलं गेलं असणार. मी त्या पानावर बोट ठेवलं. तसलंच पान माझ्या पेटीतल्या अभ्र्यावर होतं.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. तो कागद मात्र त्यांनी लगेच ओळखला. त्या अर्जाची ठेवण त्यांनी झोपेतही ओळखली असती. ते म्हणाले, ‘हा तं आपलाच सरकम हाये.’ बाईंना काही कळलं नाही.

जागा दुसऱ्या मुलीला दिली होती, पण ती मुलगी अजून आलेली नव्हती. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘हे पत्र तू पाठवलं नसशील तर तसं लिहून दे. कोणी पाठवलं, का पाठवलं, स्पष्ट लिही. खाली वडिलांची सही. सोमवारपर्यंत आणलंस तर मी प्राचार्यांसमोर ठेवते. पुढचं मी सांगू शकत नाही.’ तो दिवस शुक्रवार होता. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते आणि लिहायचं होतं फक्त एक पान.

परतीच्या बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, ‘घरी गेल्यावर आवाज नको करू.’

घरी ताई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. पेटी परत आलेली पाहून ती उभी राहिली, पण तिनं काय झालं असं विचारलं नाही. तेवढ्यावरूनच मला सगळं समजलं.

‘तूनं पाठवलं,’ मी म्हटलं.

‘हो.’

‘काहून?’

तिनं हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या. ‘लोकाइले वर्षभर तेच लिवून देते ना तू? कोनाले विचारलं का कधी, काहून म्हनून?’

‘मी तुले विचारून राहिली.’

‘मंग आयक. तुयं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबानं मले न्हाणीपाशी बोलावलं. म्हने, छाया नागपूरले जाईन, मायजवळ कोनी पायजे, त्या लोकाइले सांगतो, तीन वर्ष थांबा म्हनून. तीन वर्ष! ते थांबतीन? मी चोवीस वर्षाची हाये. दहा वर्ष झाले मी ह्या चुलीत. मले कोनी विचारलं?’

मी बाबांकडे पाहिलं. ते पेटीची कडी लावत होते, लागलेलीच कडी पुन्हा पुन्हा लावत होते. मला ‘जा’ म्हणून सांगणाऱ्या माणसानं तिला ‘थांब’ म्हणून सांगितलं होतं, आणि दोघींनाही एकमेकींबद्दल काही सांगितलं नव्हतं. आत माय जागी होती. तिनं कूस बदलल्याचा आवाज आला.

‘मले सांगतलं असतं तं,’ मी म्हटलं.

‘तू थांबली असती?’

मी बाबांच्या हातातून पेटी ओढून आत नेली. आज पन्नाशीला टेकले आहे, आणि ‘मी थांबले असते’ असं छातीठोक सांगणाऱ्या माणसांवर मी विश्वास ठेवत नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाही स्पष्ट होती. तिची बाजू कळली म्हणून माझा राग तसूभर कमी झाला नाही. ती माझ्यावर समोरून धावून आली असती तरी चाललं असतं. तिनं आठ दिवस माझ्या शेजारी बसून, हो का वं म्हणत, माझं नाव निळ्या दोऱ्यानं भरलं होतं, आणि त्या वेळी, पेटीतल्या पत्रावरून पत्ता उतरवलेलं ते पाकीट पोस्टात पडलेलं होतं.

शनिवारी मी लिहायला बसले. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज ज्यात खरं कारण होतं. माझ्या मोठ्या बहिणीनं मला न सांगता, मी दुसऱ्यांसाठी लिहून ठेवलेल्या कोऱ्या अर्जावर माझं नाव घालून पाठवलं, कारण मी गेले असते तर तिचं लग्न लांबणार होतं. इंग्रजी फार चांगलं नव्हतं, पण कुणालाही कळेल असं होतं. अर्ज बाबांसमोर ठेवला आणि वाचून मराठीत अर्थ सांगितला. पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

‘हे काढून टाक,’ ते म्हणाले. ‘बहिणीचं नाव नको. तेच लिव ना आपलं. सरकम.’

‘त्याच्यानंच तं जागा गेली बाबा. त्याइले कारण पायजे.’

‘पोट्टीचं लगन तोंडावर आलं. उद्या हा कागद कोनाच्या हातात पडला अन् पांढुर्ण्याले समजलं, का पोरीनं असं केलं, तं? माह्या हातानं माह्या पोरीले चोट्टी लिवून देऊ?’

‘मी कोनाची पोरगी हाये?’

त्यांनी पेन खाली ठेवलं. रविवारी पुन्हा विचारायला गेले तेव्हा ते कुणाच्या तरी वाडीकडे निघून गेले होते. सोमवारी चौकात हॉर्न दोनदा वाजला, ते कामावर गेले, आणि तो दिवस इतर दिवसांसारखा गेला. मायनं मला जवळ बोलावून तिच्या वाकड्या बोटांनी माझे केस मागे सारायचा प्रयत्न केला. मी उठून गेले. मायचा यात दोष नव्हता, पण सगळे जण जिच्या नावानं वागत होते ती तीच होती, आणि ती एक शब्द बोलली असती तर बाबांनी सही केली असती असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं.

मग लग्नाची तयारी. मी हळद कुटली, पाहुण्यांना चहा दिला, कुणी विचारलं ‘काहून वं, नागपूरले नाही गेली?’ तर बाबा मध्येच सांगायचे, ‘जमलं नाही यंदा.’ ताई आणि मी एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. मीठ दे, पदर धर, दार लोट.

मुलाकडच्यांचा आग्रह म्हणून लग्न पांढुर्ण्यालाच होतं. बाबांनी कारखान्यातल्या आपल्या माणसांसाठी एक बस ठरवली. मुलीकडची माणसं कमी दिसायला नकोत ही त्यांची एकच चिंता होती, कारण ते लोक मोठे, आपण कामगार. लग्नाच्या आठ दिवस आधी ते माझ्याजवळ आले. नागपूरनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. ‘बत्तीस लोकाइचे पायजेत,’ म्हणाले. ‘सगळ्याइची नावं हे घे.’

मी बत्तीस अर्ज लिहिले. दोन दुपारी लागल्या. एकाही अर्जात ते चार शब्द घातले नाहीत. प्रत्येकात जे होतं ते लिहिलं, की माझ्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न पांढुर्ण्याला आहे, त्याला हजर राहायचं आहे. एक अक्षर खोटं नव्हतं. लग्नासाठी एका खात्यातून दोनच माणसं सोडायची असा मॅनेजरचा नियम होता, हे मला माहीत होतं. बाबांनीच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. माणसांनी अर्ज नेहमीच्या विश्वासानं घेतले, घडी करून खिशात ठेवले, एकानं तर माझ्यासाठी बोरं आणली होती. त्यांच्यापैकी कुणालाही त्या कागदावर काय आहे ते वाचता येत नव्हतं. हे मी मुद्दाम केलं. त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की मी फक्त खरं लिहिलं. आता तसं सांगत नाही.

लग्नाच्या दिवशी बस चौकात येऊन उभी राहिली. बाबा बसच्या दाराशी पागोटं बांधून, पेढ्यांचा डबा घेऊन उभे. बत्तीसांतली नऊ माणसं आली. बाबा अर्धा तास रस्त्याकडे बघत राहिले. मग ड्रायव्हरनंच विचारलं, ‘चलें क्या?’ ताई पुढच्या सीटवर बाशिंगाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती वळून रिकाम्या सीटांकडे पाहायची, पुन्हा समोर पाहायची. पांढुर्ण्यापर्यंत मागच्या सुट्या सीटा खड्ड्याखड्ड्यांवर खडखडत होत्या. मी सगळ्यांत मागे बसले होते.

मांडवात मुलाच्या बापानं बाबांना मिठी मारली, बसकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, ‘पाव्हने एवढेच? बाकीचे कोठी गेले?’

‘सुट्टी नाही भेटली,’ बाबा म्हणाले.

‘काहून नाही भेटली? पोळ्याले तं कारखाना रिकामा राह्यते म्हने!’ आजूबाजूचे हसले. बाबाही हसले, पण डोळे मला शोधत होते. मी स्वयंपाकाच्या बाजूला, कढया घासणाऱ्या बायांजवळ उभी होते. ते माझ्यापर्यंत चालत आले.

‘तूनं काय लिवलं होतं?’

‘लगन हाये म्हनून लिवलं. खरं लिवलं.’

‘काहून?’

इतक्या महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला ‘काहून’. मी सांगितलं. नागपूरच्या बाई, तो कागद, ते पान, तीन दिवस, खाली ठेवलेलं पेन, सोमवार. ओळीनं सांगितलं, रडले नाही, आवाज चढवला नाही. शेजारी झाऱ्या-कढयांचा खणखणाट चालू होता म्हणून दोनदा परत सांगावं लागलं. बाबा पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी ते टोक सोडलं.

‘झालं?’

‘झालं.’

‘मंग चाल. मंगलाष्टकं सुरू होऊन राहिली. तूच नाही दिसली तं लोकं विचारतीन.’

ते पुढे झाले. मी त्यांच्या मागे गेले. कुणीतरी माझ्या हातात पिवळ्या ज्वारीच्या अक्षतांची मूठ ओतली. मी गर्दीतून रेटत अंतरपाटाच्या कडेशी गेले, जिथून ताईचं तोंड दिसत होतं, दोन हातांवर. पहिलं कडवं संपलं, सगळ्यांनी हळूच वर उडवल्या तशा मी उडवल्या नाहीत. नेम धरून, पूर्ण ताकदीनं तिच्या तोंडावर मारल्या. दाणे तिच्या कपाळाला, पापण्यांना लागले. तिनं डोळे उघडून पाहिलं, समोर मी आहे हे पाहिलं. शेजारची करवली तिच्या तोंडापुढे पदर धरायला गेली. ताईनं तो हातानं बाजूला केला, मान ताठ केली, आणि माझी दुसरी मूठ भरेपर्यंत तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली.